बुधवारची दाढ

या, बसा

धाकट्याची पहिली दाढ किडली तेव्हा त्याला वाईट वाटलं. दुसरी तडकली तेव्हा त्याने मनातल्या मनात तिचे आभार मानले.

असं का, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. पन्नाशी गाठली, कानांवरचे केस पिकले, तरी गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत, कारण त्याच्यावर एक ताई होती. ताई लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. धाकटा राहिला. खाली रस्त्याला लागून इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीत पलंगावर अण्णा, म्हणजे वडील. अण्णांचं डावं अंग गेलं होतं. उजवा हात मात्र ठणठणीत, आणि त्या हातात काठी. काही हवं असलं की अण्णा काठी जमिनीवर आपटत. त्यांची जमीन म्हणजे दुकानाचं छत.

त्यामुळे धाकट्याचा दिवस असा जाई: आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग

ठक.

पाणी. वर जायचं, मानेखाली हात घालून उचलायचं, पाजायचं, हनुवटी पुसायची, खाली यायचं. तोवर इस्त्री थंड. ती तापली की शर्टाची पाठ, मग पुढच्या दोन बाजू, मग

ठक.

खिडकी. उघडी असली तर लावायची, लावलेली असली तर उघडायची.

रात्री काठी जरा हळू वाजे, एवढाच फरक. पाय भरून येत, पोटऱ्यांत गोळे येत, पण बसून इस्त्री होत नाही आणि आडवं पडलं की छत बोलतं. 'दमलो' हा शब्द त्या घरात चालत नसे. धाकट्याने तो एकदा वापरून बघितला होता. अण्णा म्हणाले होते, "दमायला काय झालं? याच टेबलापाशी उभं राहून मी तुम्हा दोघांना वाढवलं. बसलेलं बघितलंस कधी मला?"

बघितलं नव्हतं, हे खरंच होतं.

आजारपण मात्र चालायचं. ताप, मोडलेलं हाड, दात. ज्याला डॉक्टर लागतो ते खरं, बाकी नुसती नाटकं. ताईही त्याच घरात वाढलेली. "काही झालं असेल तर सांग, येते मी," असं ती फोनवर म्हणायची. आणि धाकट्याला मेलं काही होतच नसे.

मग दाढ किडली.

आ करा

त्या वेळी म्हातारे डॉक्टर होते. त्यांची खुर्ची जागोजागी फाटलेली, आतला स्पंज बाहेर डोकावणारा, पण मागे झुकायची. पूर्ण मागे. धाकटा पहिल्यांदा तिच्यावर आडवा झाला तेव्हा त्याच्या पाठीचा एकेक मणका कुरकुरत खाली टेकला, आणि त्याला वाटलं, आता या माणसाने सगळी बत्तिशी काढून घेतली तरी आपली हरकत नाही.

म्हाताऱ्या डॉक्टरांचं काम म्हणजे रमतगमत. एका बुधवारी भूल द्यायची, सुई अशी की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. थोडी कीड काढायची, औषध भरायचं, "बघू कसं वाटतंय." पुढच्या बुधवारी नस साफ करायची. त्याच्या पुढच्या बुधवारी उरलेली नस. मग माप. मापासाठी एक गुलाबी लगदा पत्र्याच्या साच्यात भरून तोंडात कोंबायचा, तो घट्ट होईपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा, घशाशी उमासे आले तरी हलायचं नाही. ते माप लॅबला जायचं. लॅबवाला कॅप पाठवायचा, ती उंच व्हायची. घासायची. परत चावायचं, परत घासायची. मग ती सैल व्हायची. परत माप.

बाकीचे पेशंट वैतागायचे. धाकटा हूं की चूं करत नसे. लगदा घट्ट होत असताना डॉक्टर पलीकडे दुसऱ्या कुणाशी गप्पा मारत बसायचे, आणि धाकट्याचा चक्क डोळा लागायचा, तोंडात पत्र्याचा साचा धरून, नाकाने घोरत. डॉक्टर त्याला उठवायचे नाहीत. त्यांना वाटायचं, किती धीराचा माणूस.

एका दाढेवर अख्खा हिवाळा निघाला. दर बुधवारी दुपारी ताई यायची, अण्णांजवळ बसायची, आणि धाकटा जाऊन आडवा व्हायचा.

शेवटी कॅप बसली. बुधवार संपले.

म्हातारे डॉक्टरही नंतर थकले आणि त्यांनी दवाखाना भाचीच्या हाती दिला. भाचीने तो पार बदलून टाकला. नवी खुर्ची, नवे दिवे, टेबलावर कॉम्प्युटरचा मोठा पडदा. जुन्या सगळ्या पेशंटांना तिने एकदा बोलावून घेतलं आणि पेनापेक्षा जरा जाड अशी एक कांडी तोंडात फिरवून प्रत्येकाच्या दातांचं चित्र काढून ठेवलं. धाकट्याचंही काढलं. तेव्हा त्याचं काही दुखत नव्हतं, म्हणून तो लगेच परत आला. इतका लगेच, की ताईला बोलवावंही लागलं नाही.

त्यानंतर बरेच महिने गेले. कसे गेले ते विचारू नका. एकदा तर तो इस्त्री करता करता उभ्याउभ्या झोपला आणि कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला.

आणि मग, थंडी पडायच्या सुमारास, सकाळी उठल्यावर उजवी दाढ चावताना करकरली. आरशात बघितलं तर उभी तडकलेली. धाकट्याने तिथल्या तिथे हिशेब मांडला: नस, माप, कॅप, घासणं, परत माप. हिवाळा निघतो आरामात.

त्याने ताईला फोन लावला. "दाढ गेली गं."

"दुसरी? मग बुधवारी येऊ ना?"

"येशील?"

"दात म्हटल्यावर यायलाच हवं," ताई म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती आणि काळजीच्या मागे आणखी काहीतरी होतं, पण धाकट्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुखतंय का?

"दुखतंय का, काका?"

"कधी टोचणार?"

"टोचून झालं."

धाकटा छताकडे बघत राहिला. नवी डॉक्टर हातातलं यंत्र खाली ठेवत होती. भुलीचं औषध ते स्वतःच मोजून थेंबाथेंबाने सोडतं, म्हणून कळत नाही, असं ती म्हणाली. काजवे नाहीत, काही नाही. ओठ नुसता आपला राहिला नाही, इतकंच.

तडकलेला भाग तिने काढला, दाढेला सगळीकडून आकार दिला. मग ती कांडी. गालाच्या आतून, जिभेच्या कडेने, वरून, खालून. पडद्यावर त्याचे दात एकेक करून उगवत गेले, हिरड्यांसकट, आणि हळूहळू फिरू लागले. स्वतःच्याच तोंडाभोवती आपण फेरी मारून येतोय असं धाकट्याला वाटलं.

"लगदा?" त्याने विचारलं. ओठ जड झाल्यामुळे ते 'लदा' असं आलं.

"तो नाही आता. मामांच्या वेळी लोकांना किती उमासे यायचे, बापरे. हे माप केसभरही चुकत नाही. आता आ करा, कडा नीट आल्यात का बघते. गेल्या खेपेला कधी दाखवलंत?"

"आँ."

(म्हणजे: तुम्हीच चित्र काढलंत तेव्हा.)

"दोन्ही बाजूंनी चावता ना?"

"आँ."

(म्हणजे: चावायला निवांत बसतो कुठे. उभ्यानेच दोन घास गिळतो.)

"छान. आता हे माप त्या खोलीतल्या मशीनला गेलं. ती दाताच्या रंगाच्या ठोकळ्यातून तुमची कॅप कोरेल, मग भट्टीत भाजायची, की बसवून टाकते."

धाकट्याने तोंड मिटलं. "कधी?"

"आजच."

"आजच?"

"नस जिवंत आहे तुमची, साफ करायची गरजच नाही. चित्रात स्वच्छ दिसतंय. नशीबवान आहात."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि पुढच्या बुधवारी?"

"पुढच्या बुधवारी तुम्ही त्या दाढेने हवं ते चावा. माझं तोंड बघायला यायची गरज नाही." ती हसली. तिला वाटलं आपण चांगली बातमी दिली.

काचेपलीकडे मशीन सुरू झालं. छोट्याशा पेटीत दोन सुया एका ठोकळ्याच्या मागे लागल्या होत्या आणि त्यांच्यावर पाण्याची धार पडत होती. किती घाई करत होत्या त्या. हिवाळा कोरून काढत होत्या.

धाकटा आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता. सवय नव्हती, आणि वेळही नव्हता.

"डॉक्टर, वरच्या दातातपण कळ येते. डावीकडे."

"अरे, मग आधी का नाही सांगितलंत? कुठला?"

त्याने एका दातावर बोट ठेवलं. तिने तो ठोकला, त्यावर बर्फासारखा गार बोळा लावून बघितला, एक चपटी पट्टी त्याच्या मागे धरून एक्स-रे काढला. चित्र डोळ्याची पापणी लवायच्या आत पडद्यावर. मग त्याला उभं करून एक यंत्र डोक्याभोवती फिरवलं आणि जबड्याचं आतून बाहेरून चित्र काढलं. ती चित्राचा एकेक काप सरकवत बघत होती. धाकटाही बघत होता. त्याला मनापासून वाटत होतं की सापडावं काहीतरी. एखादा काळा ठिपका. जास्त नको, दोन-तीन बुधवारांपुरता.

"परत एकदा दाखवा बरं, कुठला दात?"

त्याने दाखवला. तो शेजारचा निघाला.

धाकट्याचे कान तापले. म्हातारे डॉक्टर असते तर म्हणाले असते, "असेल काहीतरी, औषध ठेवून बघू." त्यांना नीट दिसत नसे आणि त्या न दिसण्यात माणसाला जागा असायची. हिच्या पडद्यावर सगळं स्वच्छ, धडधाकट आणि उजेडात.

"काका, इथे काहीच नाहीये," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण थांबा. वेगळंच काहीतरी दिसतंय मला."

चूळ भरा

तिने आधीचं चित्र पडद्यावर आणलं, आजचं आणलं, आणि एकावर एक ठेवलं. जिथे काही बदललं नव्हतं तिथे हिरवं. जिथे झिजलं होतं तिथे पिवळं, आणि जिथे फार झिजलं होतं तिथे लाल. धाकट्याच्या दाढा मागपासून पुढपर्यंत लालबुंद होत्या.

"इतक्या महिन्यांत एवढं झिजायला नको. दाढ तडकली ती यानेच. झोपेत दात दाबता तुम्ही, करकरा." ती त्याच्याकडे वळली. "कुणावर एवढे दातओठ खाताय, काका?"

"कुणावर नाही हो."

"झोप लागते?"

खोटं बोलायची त्याची ताकद एका दातातच संपली होती. शिवाय जड ओठाने खोटं बोलणं फार कष्टाचं.

"इथे लागते," तो म्हणाला.

ते 'इते लाते' असं आलं, पण तिला कळलं. घरी कोण असतं, तिने विचारलं. वडील, त्याने सांगितलं, पलंगावर. आणि बुधवारी ताई. दाढ असेल तर.

"दाढ असेल तर," डॉक्टरने ते शब्द परत म्हटले. मग तिने खुर्चीचं बटण दाबलं. पाठ खाली गेली, पाय वर आले. वरचा दिवा तिने बाजूला वळवला. "भट्टीला अजून अवकाश आहे. रात्री दातांवर घालायला एक पट्टी देईन मी करून, तीही आजच मशीनवर छापून होते. पण पट्टीने दात वाचतील फक्त. झोप काही मला छापून देता येत नाही."

ती पलीकडे गेली. धाकटा पडून राहिला. मशीनची घरघर थांबली, भट्टीचा बारीक गुंजारव सुरू झाला. काठी वाजेल म्हणून त्याचे कान सवयीने छताकडे लागले होते. छत बोललं नाही. मग डोळा लागला.

उठवलं तेव्हा कॅप तयार होती. तिने ती बसवली, निळा कागद मध्ये धरला. "चावून बघा." त्याने चावलं. घासायला काही नव्हतं. दाढ जणू जन्मापासून तिथेच होती. इतकं अचूक काम धाकट्याने कधी बघितलं नव्हतं आणि इतकं वाईटही त्याला कधी वाटलं नव्हतं.

निघताना तिने रात्रीची पट्टी हातात दिली आणि ते लाल-हिरवं चित्र त्याच्या फोनवर पाठवलं. "घरी दाखवा," म्हणाली.

तोंड मिटा

जिना चढताना त्याने वाक्य जुळवलं: अजून चार-पाच वेळा तरी जावं लागेल, ताई. पहिल्या वळणावर ते जमलं. दुसऱ्या वळणावर त्याला तो शेजारचा दात आठवला.

खोलीत अण्णा झोपले होते, काठी पोटावर आडवी. आणि ताई पण. पलंगाच्या पायथ्याच्या खुर्चीत, चपला काढून, पाय स्टुलावर, मान एका बाजूला कललेली. तोंड जरासं उघडं. ताईला झोपलेली बघून किती वर्षं झाली असतील, ते त्याला आठवेना. तो दारातच उभा राहिला. पण जिन्याच्या शेवटच्या पायरीने चुगली केली.

"आलास?" ताई दचकून सरळ बसली. "फक्त डोळे मिटले होते रे. कितीदा जायचंय आता?"

"झालं."

"काय झालं?"

"सगळं. बसवली कॅप. पुन्हा जायचं नाही."

ताईचा चेहरा उतरला. धाकट्याने तो उतरताना बघितला, पडद्यावर दात फिरावेत तसा, सगळ्या बाजूंनी. "एवढ्यात?" ती म्हणाली. "म्हाताऱ्या डॉक्टरांनी तर हिवाळा काढला होता."

"मशीन आहे आता. तिथल्या तिथे करून देतं."

"मेलं ते मशीन." तिने एक चपल घातली. दुसरी समोरच होती, पण ती शोधत राहिली. "म्हणजे पुढच्या बुधवारी नको येऊ?"

"गरज नाही ना आता. तुझीपण तिकडे कामं असतात."

"असतात तर." ती चपलेकडे बघत म्हणाली. "मी घरी सांगून ठेवलंय. धाकट्याची दाढ आहे, थंडी संपेपर्यंत दर बुधवारी जावं लागेल म्हणून. तुझे भावोजी बुधवारपुरते भात लावायला शिकलेत. नातवंडांना सून सांभाळते. कुणी एका शब्दाने काही म्हणालं नाही. दात म्हटल्यावर कोण काय म्हणणार." ती थांबली. "अण्णा माझ्याजवळ झोपतात रे. मग मीपण जरा..."

वाक्य तिथेच राहिलं. धाकट्याने फोन काढला आणि चित्र तिच्यापुढे धरलं.

"हे काय? जखम?"

"माझे दात. लाल आहे ते झिजलंय. झोपेत खातो मी."

ताईने फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. 'दमलास का' असं तिने विचारलं नाही, तो शब्द तिलाही कधी शिकवलेला नव्हता. ती त्या लाल दाढांवरून अंगठा फिरवत राहिली, जणू पुसलं तर लाल जाईल. मग फोन परत देत म्हणाली, "बॅटरी लाव. बघ बरं माझं."

"काय?"

"बघ म्हणते ना." तिने आ केलं.

त्याने उजेड पाडून वाकून बघितलं. ताईच्या दाढांवर उंचसखल काही उरलंच नव्हतं. मागपासून पुढपर्यंत सगळ्या सपाट, कडक इस्त्री मारल्यासारख्या.

"काय दिसतंय?" तिने आ केलेल्या तोंडानेच विचारलं.

"तुझंपण तेच आहे," धाकटा म्हणाला.

"वाटलंच."

ठक.

दोघं एकदम ताठ झाले. अण्णा डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होते. "काय चाललंय? झाली का याची दाढ?"

धाकट्याने तोंड उघडलं. ताई त्याच्याआधी बोलली.

"कसली होतेय, अण्णा. फार आतपर्यंत गेलंय. वेळ लागणार."

"किती?"

"डॉक्टरलाही सांगता येत नाही."

अण्णांनी मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी. "म्हातारे डॉक्टर बरे होते. ही नवी पोरं नुसती मशीनं घेऊन बसतात आणि माणसाला खेपा घालायला लावतात."

"तेच म्हणते मी," ताई म्हणाली आणि घातलेली चपल काढून ठेवली. "पाणी हवंय ना? थांबा, देते." मग धाकट्याकडे न बघता, "तू जा खाली. शटर अर्धं ओढ. मला अजून अवकाश आहे निघायला."

"गठ्ठा पडलाय खाली. चादरींचा."

"मग बरंच आहे की," ताई म्हणाली.

काही वाटलं तर या

खाली शटर अर्धं ओढल्यावर दुकानात अंधार नाही आणि उजेडही नाही असं झालं. इस्त्रीचं बटण त्याने बंद ठेवलं. टेबलाखाली, जिथे सुटलेले दोरे आणि तुटलेली बटणं साचतात तिथे, त्याने एका हाताने झाडून घेतलं आणि धुतलेल्या चादरींचा गठ्ठा सोडून पसरला. उद्या इस्त्री जास्त फिरवावी लागेल त्यांच्यावर. लागू दे.

तो आडवा झाला. मणके कुरकुरले, टेकले. जीभ आपणहून नव्या दाढेवर गेली. गुळगुळीत होती, तिला कुठेच धार नव्हती. भूल उतरत चालली होती आणि ओठ मुंग्यांसारखा परत येत होता.

ठक.

कोपरावर उठलाच तो. अंगाला सवय. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग ताईची अनवाणी पावलं, मग भांड्याचा बारीकसा आवाज, मग अण्णांचं काहीतरी, मग ताईचं हसणं. कोपर हळूहळू मागे गेलं. खिडकी लावली की उघडली, ते खालून कळत नव्हतं. आधी पावलं, मग खुर्ची, मग